दुसऱ्या मालकाची विद्युत्-मोटार

जुनी मोटार विकत घेताना ओळखीतला एखादा मिस्त्री बरोबर न्यावा, त्याने बॉनेट उघडून इंजिनाला कान लावावा, तेलकांडी ओढून तेलाचा रंग पाहावा, मागे जाऊन धूर काळा की निळा हे न्याहाळावे, आणि मग मालकापासून चार पावले दूर येऊन हलक्या आवाजात "घ्या" किंवा "सोडा" एवढेच सांगावे, ही आपल्याकडील दोनतीन पिढ्यांची रीत आहे. आणि ती निराधार नव्हती, कारण पेट्रोलवर चालणाऱ्या यंत्राची झीज आवाजाने, वासाने आणि धुराने स्वतःच वर्दी देत असते. विद्युत्-मोटारीपुढे हा मिस्त्री निरुत्तर होतो. तेथे तेलकांडी नाही, धूर नाही, गिअर बदलतानाची खरखर नाही. चाके फिरवणाऱ्या विद्युत्-चलित्रात फिरणारा भाग मुख्यतः एकच, आणि लाख-दीड लाख किलोमीटरांनंतरही तो बहुधा पहिल्या दिवसाइतक्याच शांतपणे फिरत राहतो. वार्धक्य येते ते बॅटरीला, आणि ते डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही. या वाहनाच्या देहाला जरा नाही, प्राणाला मात्र मुदत आहे. आणि सव्वाशे वर्षांचा इतिहास चाळून पाहिला तर असे आढळते की, वापरलेल्या विद्युत्-मोटारीच्या व्यवहारात खरा वाद यंत्राच्या गुणवत्तेचा फारसा नव्हताच. त्या मुदतीची तोशीस कोणी सोसावी, हा होता.

सव्वाशे वर्षे म्हटल्यावर काही वाचकांच्या भुवया उंचावतील. परंतु इसवी सन १९०० मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या सुमारे ४,२०० मोटारींपैकी दीड हजारांहून अधिक विजेवर चालणाऱ्या होत्या आणि पेट्रोलवर चालणाऱ्या हजारही नव्हत्या. पेट्रोलची मोटार सुरू करायची म्हणजे पुढे उभे राहून हॅंडल फिरवायचे, आणि ते उलटे फिरले तर मनगट मोडून घ्यायचे, असा तो काळ. उलट विजेची मोटार कळ दाबताच निमूटपणे चालू लागे. १९०७ पासून निघालेल्या 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' मोटारीत तर चालक मागच्या मऊ आसनावर, दिवाणखान्यात बसावे तसा बसे, गोल चक्राऐवजी एक आडवा दांडा हाताने लोटून ती वळवी, आणि ताशी तीसबत्तीस किलोमीटरांच्या संथ वेगाने, बाजूच्या फुलदाणीतले फूलही न हलता, शहरातल्या भेटीगाठी उरकून घरी येई. हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा फोर्ड यांच्याकडे १९१४ सालची अशीच एक डेट्रॉइट इलेक्ट्रिक होती. ज्या गृहस्थाने पेट्रोलची मोटार घरोघरी पोहोचवली, त्याच्या स्वतःच्या घरातली ही निवड मला पुष्कळ बोलकी वाटते.

या मोटारींचे यंत्र टिकाऊ होते, पण शिशाच्या पट्ट्यांची आणि गंधकाम्लाची त्यांची बॅटरी मात्र मोठी मानी होती. तिला वेळेवर शुद्ध पाणी घालावे लागे. ती रिकामी होऊन तशीच पडून राहिली की पट्ट्यांवर सल्फेटाचे कठीण स्फटिक धरत, आणि धक्क्यांनी व वापराने पट्ट्यांवरचा क्रियाशील लेप सुटून तळाशी गाळ साचे. पहिल्या मालकाची हयगय अशा रीतीने आसनाखालच्या पेटीत दडून राही आणि दुसऱ्या मालकाला ती मोटारीबरोबर आंदण मिळे. वरून पाहणाऱ्याला रोगण केलेली, गादीचे कापड अजून न विटलेली, एखाद्या बग्गीसारखी देखणी गाडी दिसायची; खाली काय उरले आहे हे कळायला ती चार दिवस चालवूनच पाहावी लागे.

थॉमस एडिसन यांनी या दुखण्यावर निकेल आणि लोखंड यांच्या बॅटरीचा उतारा काढला. त्यांची पहिली आवृत्ती बाजारात आली तेव्हा तिच्यातून द्रव गळू लागला, तिची शक्ती अकाली ओसरू लागली, आणि एडिसन यांना ती मागे घेऊन पुढची काही वर्षे पुन्हा प्रयोगशाळेत घालवावी लागली. १९०९ नंतर जी सुधारलेली बॅटरी आली ती मात्र विलक्षण चिवट निघाली. पण तिचे मोल पाहा. डेट्रॉइट इलेक्ट्रिकला एडिसनची बॅटरी हवी असेल तर मूळ किमतीवर ६०० डॉलर अधिक मोजावे लागत, आणि १९१२ साली ६५० डॉलरांत फोर्डची सबंध मोटार मिळत होती. टिकाऊपणा विकत मिळत होता, पण त्याच्या भावात दुसरी मोटारच दारात उभी करता येत होती.

याहून शहाणपणाचा मार्ग कनेक्टिकट संस्थानातील हार्टफर्ड शहराच्या वीज कंपनीने काढला, आणि या साऱ्या इतिहासात मला सर्वांत विचारार्ह वाटणारे प्रकरण तेच आहे. या व्यवस्थेत मालट्रकचा मालक वाहन विकत घेई ते बॅटरीवाचून. बॅटरी वीज कंपनीची; ती उतरली की ठाण्यावर जाऊन भरलेली दुसरी चढवून घ्यायची, आणि दरमहा एक ठरावीक शुल्क व शिवाय जितके मैल चालले तितक्या मैलांचा आकार भरायचा. बॅटरीची निगा, तिचे पाणी, तिचे वार्धक्य आणि तिचा अंत या सर्वांची जबाबदारी, जिला ती विद्या अवगत होती त्या कंपनीने करारनाम्याने पत्करली होती. वाहन दुसऱ्याच्या नावावर झाले तरी त्याच्याकडे जात होते ते केवळ न झिजणारे अंग. १९१० ते १९२४ या काळात या सेवेने साठ लाखांहून अधिक मैल वाहतूक केली. ती बंद पडली ते तिच्यात खोट निघाली म्हणून नव्हे. १९१२ मध्ये कॅडिलॅकच्या मोटारीला चार्ल्स केटरिंग यांनी विद्युत्-स्टार्टर बसवल्यापासून हॅंडलची भीती गेली होती, पेट्रोल स्वस्त झाले होते, रस्ते लांब झाले होते, आणि विजेच्या वाहनाचा प्रांतच आकुंचित होत चालला होता. डेट्रॉइट इलेक्ट्रिक कंपनी १९२९ च्या आर्थिक पडझडीत दिवाळखोरीत निघाली, तरी मागणीप्रमाणे एखाददुसरी मोटार बनवून देत १९३९ पर्यंत तग धरून राहिली.

मधल्या काळाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. फक्त जपानच्या एका मोटारीचा उल्लेख टाळता येत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर विमाने बनवण्याची मनाई झालेल्या तंत्रज्ञांनी १९४७ साली, पेट्रोलचा दुष्काळ आणि विजेची सुबत्ता पाहून, 'तामा' नावाची छोटी विद्युत्-मोटार काढली. तिच्या बॅटऱ्या दोन्ही बाजूंच्या कप्प्यांतून खणासारख्या ओढून काढता येत आणि भरलेल्या परत सरकवता येत. १९५० मध्ये कोरियाचे युद्ध पेटले, शिशाचे भाव कडाडले आणि तामाचा व्यवसाय बसला. तिची कंपनी पेट्रोलकडे वळून प्रिन्स या नावाने नांदू लागली आणि १९६६ मध्ये निस्सानमध्ये विलीन झाली. निस्सानचे हे नाव ध्यानात ठेवावे.

शतकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया संस्थानाने १९९० मध्ये धूरविरहित वाहनांचा कायदा केला, आणि त्याच्या रेट्याने जनरल मोटर्सने १९९६ मध्ये 'ईव्ही-१' ही मोटार काढली. ती अकराशेंवर बनली आणि चालवणाऱ्यांनी तिच्यावर जीव लावला. परंतु कंपनीने ती एकालाही विकली नाही, केवळ भाडेपट्ट्याने दिली. मुदत संपताच मोटारी परत घेतल्या, बहुतेक चिरडून टाकल्या, आणि मोजक्या निकामी करून संग्रहालयांना दिल्या. दुसरा मालक ज्या मोटारीच्या नशिबीच नव्हता अशी ही मोटार. आणि ती दहा वर्षांनी कशी चालली असती, या प्रश्नाचे उत्तर कंपनीने स्वतःच्या हातांनी नाहीसे केले, हा तिच्यावरचा माझा मुख्य आक्षेप आहे. सुदैवाने त्याच सुमारास टोयोटाने 'राव्ह-४' या मोटारीची विद्युत् आवृत्ती काढली होती आणि २००२ मध्ये तीनशेंवर मोटारी सामान्य ग्राहकांना चक्क विकल्या. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वीज कंपनीने आपल्या ताफ्यातल्या या मोटारी मूळ निकेल-बॅटरीवर एक लाख मैलांपलीकडे नेऊन दाखवल्या. वापरलेली विद्युत्-मोटार भरवशाची असू शकते, हा पक्का पुरावा या ताफ्याने दिला.

आपल्या देशापुरते बोलायचे तर बंगळूरच्या मैनी घराण्याच्या उद्योगातून २००१ मध्ये 'रेवा' आली. दोन माणसे आणि दोन लेकरे कशीबशी मावतील एवढी ती ठेंगणी मोटार बंगळूरपेक्षा लंडनमध्येच अधिक नावारूपाला आली, कारण तेथे २००३ पासून लागू झालेला गर्दीकर तिला माफ होता. शिशाच्या आठ बॅटऱ्यांवर चालणाऱ्या या मोटारीला काही वर्षांनी नवा संच घालणे अटळ असे, आणि म्हणून जुनी रेवा घेऊ पाहणारा मनुष्य मोटारीचे साल विचारण्याआधी संच कधी घातला हे विचारी. १९१० सालच्या गिऱ्हाइकाचाच हा प्रश्न होता. २०१० मध्ये मुंबईच्या महिंद्र कंपनीने रेवा ताब्यात घेतली आणि २०१३ मध्ये लिथियम बॅटरीची 'ई-टू-ओ' काढली, पण जुन्या मोटारींचा खराखुरा बाजार भरण्याइतकी संख्या तिलाही लाभली नाही.

तो बाजार भरवला निस्सानच्या 'लीफ'ने. डिसेंबर २०१० मध्ये विक्रीस आलेल्या या मोटारीत २४ किलोवॅट-तासांची लिथियम बॅटरी होती आणि एका भरणीत, अमेरिकेच्या सरकारी मोजणीप्रमाणे, ती ७३ मैल, म्हणजे सुमारे ११७ किलोमीटर जाई. चालकासमोरच्या फलकावर उजव्या कडेला बारा लहान रेघा असत. बॅटरीची मूळ धारणाशक्ती सुमारे पंधरा टक्क्यांनी घटली की पहिली रेघ विझे, आणि पुढे प्रत्येक सहासव्वासहा टक्क्यांना एकेक. बॅटरीचे वार्धक्य चालकाला असे रेघारेघांनी दाखवणे हे प्रामाणिकपणाचे काम होते, आणि त्या प्रामाणिकपणाचा पहिला फटका खुद्द कंपनीलाच बसला. लीफच्या बॅटरीला थंड ठेवण्यासाठी द्रव फिरवण्याची किंवा पंख्याने वारा घालण्याची योजना नव्हती. ती आसपासच्या हवेच्या भरवशावर सोडलेली होती. जपानातील योकोहामाच्या हवेत हे खपून गेले. पण ॲरिझोनातील फिनिक्स शहरात, जेथे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांना शिवतो आणि डांबरी वाहनतळ रात्रीही तापलेला राहतो, तेथे २०१२ च्या उन्हाळ्यात एकदीड वर्षाच्या मोटारींच्या रेघा एकामागून एक विझू लागल्या, कारण लिथियम बॅटरीतली क्षयकारक रासायनिक क्रिया उष्णतेने वेगावते.

मालकांनी तक्रारी केल्या, आणि कंपनीच्या उत्तरांनी समाधान न झाल्यामुळे त्या सप्टेंबरात त्यांच्यापैकी काहींनी आपापल्या लीफ एकत्र आणून, एकाच रस्त्याने, एकाच वेगाने, बॅटरी संपेपर्यंत हाकून पल्ल्यांची मोजणी केली. मूळ हमीपत्रात बॅटरीतले दोष अंतर्भूत होते. हळूहळू होणारी घट मात्र स्पष्ट शब्दांत वगळलेली होती, म्हणजे ज्या एकाच गोष्टीची धास्ती त्यातून तेवढी सूट घेतलेली. प्रकरण न्यायालयात गेले आणि तडजोडीअंती कंपनीने कबूल केले की, पाच वर्षे अथवा साठ हजार मैल यांच्या आत बॅटरी नऊ रेघांच्या खाली उतरली तर ती दुरुस्त करून वा बदलून देऊ. मोटारीच्या व्यापारात वार्धक्यालाच हमीपत्रात जागा मिळण्याची ही मोठी सुरुवात होय, आणि ती कारखानदाराच्या औदार्यातून झालेली नाही.

फिनिक्सची अपकीर्ती पसरल्यामुळे लीफच्या जुन्या बाजारातील किमती कोसळल्या, आणि त्या कोसळल्यामुळेच ही मोटार दूरदूरच्या, नवी घेण्याची ऐपत नसलेल्या माणसांच्या हाती गेली. याचे उत्तम उदाहरण न्यूझीलंडचे. जपानात मोटारीला तिसऱ्या वर्षी आणि नंतर दर दोन वर्षांनी खर्चिक सरकारी तपासणी करून घ्यावी लागते, म्हणून तेथले मालक चांगल्या मोटारीही लवकर विकून टाकतात. त्या लिलावांतून उचलून जहाजाने न्यूझीलंडला नेण्याचा व्यापार १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जोरात चालू होता. दोन्ही देशांत वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, न्यूझीलंडची वीज बहुतांशी पाण्याची, हवा समशीतोष्ण, आणि विद्युत्-मोटारींना तेथे ३१ मार्च २०२४ पर्यंत रस्तावापराचा आकार माफ होता. तेव्हा वापरलेली जपानी लीफ त्या देशातली कैक वर्षे सर्वांत अधिक दिसणारी विद्युत्-मोटार ठरली, यात आश्चर्य नाही.

मोटार स्वस्त होती, पण ती परदेशी पाहुण्यासारखी येई. फलकावरच्या सूचना जपानी लिपीत; रेडिओ जपानच्या कंपनसंख्यांपुरता बनवलेला, म्हणून स्थानिक केंद्रे पकडण्यासाठी त्याला वेगळे उपकरण जोडावे लागे; नकाशा अर्थातच जपानचा. हे सोडले तर चालवण्याचा अनुभव असा की, पेट्रोलच्या मोटारीकडे परत जाणे बहुतेकांना जड जाई. पायाखालची कळ दाबताच, गिअरची वाट न पाहता, मोटार उचल घेई. उतारावर चलित्रच जनित्र होऊन वीज परत बॅटरीत भरी. ब्रेक इतके कमी लागत की त्यांच्या तबकड्या झिजण्याऐवजी गंजण्याचीच भीती. रस्त्यात बंद पडण्याचे प्रसंग क्वचितच येत, आणि आले तर पुष्कळदा दोष मोठ्या बॅटरीचा नसून दिवे आणि संगणक जागवणाऱ्या बारा व्होल्टांच्या त्या जुन्यापुराण्या शिशाच्या बॅटरीचा निघे. ती शेदोनशे किलोमीटर जाण्याच्या कामी येत नाही, पण ती मेली तर मोटार जागीच उभी.

खरी कसोटी पल्ल्याची होती. दहा रेघांची लीफ घेतलेल्या मनुष्याला शंभर किलोमीटरांची आशा सोडूनच निघावे लागे. त्यात दक्षिण बेटावरचा हिवाळा असेल, समोर वारा असेल आणि जुन्या पद्धतीचा तापक चालू असेल तर आणखी घट, आणि फलकावर दिसणारा उरलेल्या पल्ल्याचा आकडा चढ लागताच झपाट्याने उतरणारा, म्हणजे अंदाजपंचेच. अगदी शेवटी कासवाचे चित्र उजळे आणि मोटार खरोखरच कासवगतीने चालू लागे. अशा मालकांनी मोटार चालवण्याची एक नवी मितव्ययी विद्या आत्मसात केली: वेग ताशी दहा किलोमीटरांनी कमी ठेवावा, तापकाऐवजी आसन तापवावे, आणि बॅटरी भरून तशीच तापत्या उन्हात ठेवू नये.

येथे एक चमत्कारिक प्रकरण घडले. न्यूझीलंडमधील 'फ्लिप द फ्लीट' या उपक्रमात शेकडो मालक आपापल्या मोटारींची मोजमापे एकत्र करीत. २०१८ च्या आरंभी त्या आकडेवारीवरून असे दिसले की, ३० किलोवॅट-तासांची नवी लीफ जुनीपेक्षा किती तरी वेगाने क्षीण होत आहे. बाजारात घबराट पसरली. पुढे निस्सानने खुलासा केला की, बॅटरी नव्हे तर तिची शक्ती मोजणारी संगणकीय व्यवस्थाच चुकत होती, आणि दुरुस्ती केल्यावर आकडे सुधारले. याउलट, त्याच व्यवस्थेला पुसून बाराच्या बारा रेघा तात्पुरत्या उजळायच्या आणि मोटार विकून मोकळे व्हायचे, असे प्रकारही अमेरिकेत उघडकीस आले. किलोमीटर मागे फिरवणाऱ्या दलालांना हा नवा धंदा शिकायला वेळ लागला नाही. म्हणून जाणकार ग्राहक 'लीफ स्पाय' नावाची एक आज्ञावली मोबाइलवर घेऊन, मोटारीच्या तपासणी-छिद्रात यंत्र खुपसून प्रत्येक पेशीगटाचा व्होल्टदाब वाचू लागले; लेखाच्या आरंभीच्या मिस्त्रीचे काम आता त्या यंत्राकडे आले.

जपानात मात्र यापुढचे पाऊल पडले. निस्सान आणि सुमितोमो यांनी २०१० मध्ये स्थापलेल्या '४आर एनर्जी' या संस्थेने २०१८ मध्ये फुकुशिमा प्रांतातील नामिए येथे कारखाना उघडला, जेथे जुन्या बॅटऱ्या सोडून, त्यांच्यातले चांगले भाग निवडून, त्यांचे संच पुन्हा बांधले जातात. २४ किलोवॅट-तासांच्या लीफला असा संच तीन लाख येनना मिळू लागला, नवा साडेसहा लाखांना होता. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या 'बोल्ट' मोटारींच्या बॅटऱ्यांना आगी लागू लागल्यामुळे २०२१ मध्ये साऱ्या बोल्ट परत बोलावणे भाग पडले, आणि परिणाम असा विपरीत की, त्यांतल्या अनेक जुन्या मोटारींना नव्या बॅटऱ्या मिळाल्या व दुसऱ्या मालकाला पहिल्याहून चांगला माल लाभला. फ्रान्सच्या रेनॉने २०१३ पासून 'झोए' मोटार विकताना बॅटरी भाड्याने दिली, तेव्हा जुनी झोए घेणाऱ्याला मोटारीबरोबर भाड्याची कबुलायतही लिहून द्यावी लागली. भाडे नको म्हणून लोक ती मोटारच नको म्हणू लागले. आपल्याकडे सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीची 'विंडसर' दर किलोमीटरला साडेतीन रुपये बॅटरीभाडे या अटीवर आली. हार्टफर्डच्या व्यवस्थेचेच हे वंशज; पण तेथे बॅटरी सांभाळणारी कंपनी वीज विकणारी होती, ठाण्यावर बॅटरी बदलून देत होती, आणि वाहन व बॅटरी यांचे हिशेब खरोखर वेगळे होते. मोटारीच्या अंगाला कायमची जडलेली बॅटरी केवळ कागदावर वेगळी करणे ही कर्जाची एक रीत झाली, जबाबदारीची वाटणी नव्हे.

२०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमावलीत असा दंडक आला की, पाच वर्षे अथवा एक लाख किलोमीटरांनंतर बॅटरीत ८० टक्के आणि आठ वर्षे अथवा एक लाख साठ हजार किलोमीटरांनंतर ७० टक्के शक्ती उरली पाहिजे. फिनिक्सच्या मालकांनी भांडून जे मिळवले, ते दहा वर्षांत आंतरराष्ट्रीय मापदंड होऊन बसले. महाराष्ट्रातल्या वाचकाला ज्या मोटारी वापरलेल्या स्थितीत आज प्रामुख्याने भेटतील, त्यांतली टाटांची विद्युत् 'नेक्सॉन' जानेवारी २०२० मध्ये आली. तिच्या बॅटरीला द्रवाने थंड ठेवण्याची सोय आहे, म्हणजे विदर्भाच्या उन्हाळ्यात तिची अवस्था फिनिक्सच्या लीफसारखी निराधार नाही, आणि तिची हमीही आठ वर्षे अथवा एक लाख साठ हजार किलोमीटरांचीच आहे. पहिल्या मोटारींची ती मुदत २०२८ च्या आरंभापासून संपू लागेल. २०२५ मध्ये त्याच कंपनीने आपल्या काही मोटारींच्या बॅटरीला आजीव हमी देऊ केली. ही हमी पहिल्या नोंदणीकृत मालकापुरती आहे.